मैत्रिणीकडे राहिलं म्हणजे राहण्याचा खर्च शून्य, हे गणित चुकतंय

मागच्या वर्षी १७ दिवसांत ५ शहरं केली. त्यातल्या ११ रात्री ओळखीच्यांकडे काढल्या, म्हणजे दोन मैत्रिणी, एक जुना कलीग आणि एका मैत्रिणीचा भाऊ, आणि बाकीच्या हॉस्टेलमध्ये नाहीतर प्रवासात. निघायच्या आधी एक्सेलमध्ये बजेट मांडलं होतं, त्यात 'राहणं' या रकान्यात त्या ११ रात्रींसमोर सरळ शून्य टाकलं होतं आणि जेवणही बहुतेक घरीच करायचं म्हणून तोही आकडा एकदम बारीक. तेव्हा ते बजेट बघून मला फार भारी वाटलं होतं. आता तसं वाटत नाही, का ते सांगते.

तिसऱ्या शहरातली गोष्ट. मैत्रिणीचा दोन खोल्यांचा फ्लॅट, तिच्यासोबत एक रूममेट, ती हॉस्पिटलमध्ये नर्स आणि त्या आठवड्यात तिची नाइट ड्युटी. मी रोज सकाळी साडेसातला किचन ताब्यात घ्यायचे. पैसे वाचवायचे म्हणून नाश्ता तिथेच, शिवाय दुपारचा डबा करून घ्यायचा, मग भांडी, मग अंघोळ, असं सव्वानऊपर्यंत माझं चालू. तिसऱ्या दिवशी काहीतरी विसरलं म्हणून दार उघडून बाहेर आले तर ती रूममेट जिन्यात बसलेली. पायात बूट तसेच, मांडीवर बॅग, आणि बिस्किटाचा पुडा फोडून खात होती. रात्रभर उभं राहून काम करून आलेली बाई स्वतःच्या घराबाहेर बसून किचन रिकामं व्हायची वाट बघत होती, कारण पाहुणीला कसं सांगायचं. तीन दिवस ती हेच करत होती. माझ्या मैत्रिणीला पण माहीत नव्हतं, ती आठलाच ऑफिसला निघून जायची.

मी माफी मागितली, ती म्हणाली "अहो राहू द्या हो, होतं असं". पण मला ते दृश्य अजून डोळ्यासमोरून जात नाही. माझ्या एक्सेलमधलं शून्य कोण भरत होतं ते मला त्या जिन्यात कळलं. मैत्रिणीने मला हो म्हटलं होतं, रूममेटला कुणी विचारलंच नव्हतं, आणि सगळ्यात जास्त तीच मोजत होती.

त्या दिवसापासून डबा रात्री करायला लागले. सगळे जेवले की अर्ध्या तासात आवरायचं, आणि एक डबा तिच्यासाठी फ्रीजमध्ये, वर चिठ्ठी. सकाळी साडेसात ते नऊ किचन आणि बाथरूम तिचं, मी तोवर अंथरुणात नाहीतर खाली फिरायला. एवढी साधी गोष्ट होती. पहिल्या दिवशी "घरात कोण किती वाजता येतं जातं" एवढं विचारलं असतं तर झालं असतं.

आपल्याकडे म्हण आहे ना, एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. लोक ती हसण्यावारी नेतात, पण तिच्यात फार नीट हिशेब आहे. पहिल्या दिवशी घरातल्यांना तुम्ही आल्याचा आनंद असतो, दुसऱ्या दिवशी ते तुमच्यासाठी वेळ काढतात, तिसऱ्या दिवसापासून त्यांचं रोजचं आयुष्य परत सुरू झालेलं असतं आणि तुम्ही त्याच्या मधोमध गादी टाकून झोपलेले असता. माझं स्वतःचं मत आता पक्कं आहे, एका घरी दोन रात्री, फार तर तीन. त्याहून जास्त राहायचं असेल तर मध्ये एखादी रात्र दुसरीकडे काढायची.

आणि गंमत वाटेल पण अनोळखी लोकांकडे राहण्याच्या ज्या व्यवस्था जगात आहेत ना, त्यांनी हे प्रश्न आपल्यापेक्षा खूप आधी सोडवलेत. सर्व्हास नावाची संस्था १९४९ साली डेन्मार्कमध्ये सुरू झाली, दुसरं महायुद्ध संपून चारच वर्षं झालेली, वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी एकमेकांच्या घरी राहिलं तर पुन्हा लढाईची वेळ येणार नाही अशा विचारातून. नाव एस्पेरांतो भाषेतलं, म्हणजे सगळ्या देशांच्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून मुद्दाम तयार केलेली भाषा, अर्थ 'सेवा करतो'. त्यात प्रवाशाची आधी मुलाखत होते, मग ओळखपत्र मिळतं, आणि मुक्काम साधारण दोन रात्रींचा धरलेला असतो. एस्पेरांतो बोलणाऱ्या यजमानांची पासपोर्ता सेर्वो ही यादी १९७४ पासून आहे. सायकलवरून फिरणाऱ्यांचं वॉर्मशॉवर्स १९९३ पासून. काउचसर्फिंगची वेबसाइट २००४ मध्ये आली, ती तर सगळ्यांना माहीत आहे. या सगळ्यांत यजमान आधीच लिहून ठेवतो की झोपायला काय मिळेल, किती दिवस, घरात प्राणी आहेत का, सिगारेट चालते का. म्हणजे अनोळखी माणसाकडे जाताना सगळं स्पष्ट, आणि आपल्या माणसाकडे जाताना मात्र "अगं येतेय मी, बघू किती दिवस ते" असं मोघम. ज्यांचं आपल्यावर प्रेम आहे त्यांनाच आपण सगळ्यात कमी माहिती देतो, मला हे खरंच चुकीचं वाटतं.

आता पैशाचं. मी स्वतःसाठी एक नियम केलाय, हॉटेलचे जेवढे वाचले त्याचा तिसरा हिस्सा त्याच घरात खर्च करायचा. मैत्रीत कसला हिशेब असं काही जण म्हणतील, पण हिशेब मी फक्त माझ्या बाजूने ठेवते, समोरच्याला तो दाखवायचा नाही. आणि तो हिस्सा शोपीस किंवा सेंट असल्या गिफ्टमध्ये घालवायचा नाही, लोकांच्या घरात ठेवायला जागा नसते आणि टाकवतही नाही. त्यापेक्षा पहिल्या संध्याकाळी किचनमध्ये काय संपत आलंय ते बघायचं. तेल, चहा, कॉफी, दूध, अंडी, भांड्यांचा साबण, टॉयलेट पेपर, आणि हे गुपचूप आणून ठेवायचं. एका रात्रीचं जेवण आपण करायचं, घरातल्या सगळ्यांसाठी, आणि भांडी आपणच घासायची. निघताना चादर आणि उशीचे अभ्रे काढून घडी करून मशीनजवळ ठेवायचे. वॉशिंग मशीन, गरम पाणी, वायफाय हे सगळं आपण वापरतोच, त्याचं बिल कुणीतरी भरत असतं.

खाण्याच्या बाबतीत माझा अनुभव असा की ट्रिपमध्ये बजेट बिघडतं ते महागडं खाल्ल्याने नाही, नको त्या वेळी भूक लागल्याने. दुपारी तीनला पाय दुखतायत, आजूबाजूला सगळं टुरिस्टांसाठीचं, मोबाइलची बॅटरी संपत आलीय, अशा वेळी माणूस समोर दिसेल तिथे घुसतो आणि सगळ्यात वाईट जेवणाला सगळ्यात जास्त पैसे देतो. यावर उपाय एकच, तेवढी भूक लागूच द्यायची नाही. सकाळी पोटभर खाऊन निघायचं, आणि पिशवीत कायम काहीतरी सुकं असायला हवं. माझ्याकडे शेंगदाणे, खजूर, भाजलेले चणे आणि दोन केळी असतात, शिवाय पाण्याची बाटली जी कुठेही भरून घेता येते. विमान असेल तर बाटली सिक्युरिटीच्या आधी रिकामी करायची आणि पलीकडे भरायची. २००६ पासून जो १०० मिलीचा नियम आहे तो बहुतेक ठिकाणी अजून आहे आणि त्यात दही, जॅम, पीनट बटर हे सगळं लिक्विड धरतात, त्यामुळे वाचवलेला डबा तिथेच टाकून द्यावा लागतो. दुसऱ्या देशात उतरत असाल तर फळं आणि मांस-दुधाचे पदार्थ विमानातच संपवायचे, कस्टम्सला बऱ्याच देशांत चालत नाहीत.

मोठं जेवण दुपारी करायचं, रात्री नाही. खूप शहरांत तेच हॉटेल, तोच कुक, दुपारचा ठरलेला मेनू स्वस्तात देतं आणि रात्री त्याचेच जास्त घेतं. युनिव्हर्सिटीच्या आसपास बघायचं, जिथे विद्यार्थी खातात तिथे भरपेट मिळतं. सुपरमार्केटमध्ये बेकरीचा आणि तयार जेवणाचा माल दुकान बंद व्हायच्या आधी तासभर उतरवलेल्या भावात असतो. उरलेलं जेवण कमी पैशात विकणारी ॲप्सही आहेत, टू गुड टू गो २०१५ मध्ये डेन्मार्कमध्ये सुरू झालं आणि आता बऱ्याच देशांत चालतं, फक्त पिशवीत काय निघेल ते आधी कळत नाही, त्यामुळे शाकाहारी असाल किंवा ॲलर्जी असेल तर जपून.

डब्याबद्दल एक कळकळीने सांगायचंय, कारण एका ट्रिपमध्ये माझे दोन दिवस यातच वाया गेलेत. शिजवलेलं अन्न दिवसभर पाठीवरच्या बॅगेत ठेवून संध्याकाळी खाऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेचा साधा नियम आहे, शिजवलेलं बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, ठेवायचंच तर ५ अंश सेल्सिअसच्या खाली किंवा ६० च्या वर, कारण मधल्या तापमानात जंतू भराभर वाढतात. भाताच्या बाबतीत तर जास्तच जपायचं, त्यातल्या एका जंतूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात तसाच बाहेर राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि मग पुन्हा गरम केलं तरी ते विष जात नाही. म्हणून डबा करायचाच तर दोन तासांत खायचा, नाहीतर बॅगेत ब्रेड, फळं, सुकामेवा असलंच ठेवायचं. पोट बिघडून दुसऱ्याच्या घरी दोन दिवस आडवं पडणं, त्यांनी आपल्यासाठी रजा काढणं, यात वाचलेले पैसे कुठल्या कुठे जातात.

पण उपाशी राहून, रोज तेच तेच खाऊन पैसे वाचवायचे याच्या मी पूर्ण विरोधात आहे. एवढ्या लांब जाऊन त्या गावाचं जेवण चाखलंच नाही तर गेलो कशाला? प्रत्येक शहरात एक जेवण मी बजेटच्या बाहेर ठेवते. ते जेवण ज्याच्या घरी राहिलोय त्याच्यासोबत, त्याच्या आवडीच्या जागी, आणि बिल माझं. गावातल्या माणसाला विचारलं की चांगलं कुठे मिळतं तर तो कधीच टुरिस्टांच्या चौकात नेत नाही, त्यामुळे ते जेवण महाग पडतच नाही फारसं. ट्रिपमधलं सगळ्यात जास्त लक्षात राहिलेलं माझं तेच असतं, प्रत्येक वेळी.

रात्रीच्या बसबद्दल पण थोडं. एक रात्र वाचते हे खरं, पण पहाटे पाचला पोचून मैत्रिणीची बेल वाजवायची असेल तर ती रात्र आपण तिच्या झोपेतून वाचवलेली असते. मी आता पहाटे पोचले की सामान स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाकते आणि घरातले उठायच्या वेळेलाच जाते. दोन घरांच्या मध्ये एखादी रात्र हॉस्टेलमध्ये काढणंही चांगलं. रिचर्ड शिरमान नावाच्या जर्मन शिक्षकाने आल्टेना शहरातल्या किल्ल्यात १९१२ साली पहिलं कायमचं यूथ हॉस्टेल सुरू केलं ते फिरायला निघालेल्या पोरांची स्वस्तात सोय व्हावी म्हणूनच. आताच्या बऱ्याच हॉस्टेलमध्ये किचन असतं, कपडे धुता येतात, आणि मुख्य म्हणजे आपण कुणाचे पाहुणे नसतो. त्या एका रात्रीत मी उशिरापर्यंत लोळते, कुणाशी बोलत नाही, आणि पुढच्या घरी ताजी होऊन पोचते.

परदेशात कुणाकडे राहणार असाल तर व्हिसाच्या अर्जात राहायच्या जागेचा पुरावा म्हणून त्यांचं निमंत्रण पत्र लागू शकतं, ते शेवटच्या आठवड्यात मागू नका, काही ठिकाणी त्यासाठी त्यांना सरकारी ऑफिसात खेटे घालावे लागतात. भाड्याच्या घरात किती दिवस पाहुणा ठेवता येतो याची अट करारात असते, तेही विचारा. यात लाजण्यासारखं काही नाही.

आणि विचारताना असं विचारा की समोरच्याला नाही म्हणणं सोपं जाईल. पुढच्या महिन्यात परत निघतेय. परवा एका मैत्रिणीला लिहिलं, "ऐक, १२ ला सकाळी तुझ्या शहरात पोचतेय आणि १४ ला निघणार. दोन रात्री तुझ्याकडे राहिले तर चालेल का? घरात अजून कोण असतं आणि त्यांच्या कामाच्या वेळा काय ते सांग. अडचण असेल तर फक्त 'या वेळी नको' लिही, हॉस्टेल बघून ठेवलंय. राहिले तर एका रात्रीचं जेवण मी करणार, सगळ्यांचं."

दहा मिनिटांत उत्तर आलं. १२ ला ये, १३ ला रात्री आई येतेय त्यामुळे एकच रात्र जमेल. घरातला एक जण घरूनच काम करतो, अकरापर्यंत त्याचे कॉल असतात, तोवर हॉलमध्ये आवाज नको. आणि त्यालाच शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. १३ चं हॉस्टेल लगेच बुक केलं, आणि खाऊच्या पिशवीतून शेंगदाणे काढून ठेवलेत.