चाकणची ऑफर, तिकटीवरचा खल

पिंट्यानं मोबाइल बापूंच्या नाकासमोर धरला. "सात वीस!"

"काय सात वीस? महालक्ष्मी एक्सप्रेस?"

"पॅकेज हो बापू. सात लाख वीस हजार. चाकण."

कोल्हापुरात मिरजकर तिकटीच्या अलीकडं एका बंद दुकानाच्या पायरीवर रात्री साडेनऊनंतर आम्ही बसतो. पिंट्या शिरोली एमआयडीसीत एका मशीनशॉपला क्वालिटीत आहे. फाउंड्रीतून कास्टिंग येतं, मशीनिंग होतं, हा सीएमएम नावाच्या मोजमापाच्या मशीनवर मापं घेतो आणि रिजेक्शनवरून सुपरवायझरशी भांडतो. हातात महिना ३३ हजार. आता गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीनं चाकणला बोलावलंय. गड्यानं ७,२०,००० ला बारानं भागून साठ हजार काढले होते आणि दुपारपासून त्या साठ हजारांतच फिरत होता.

त्याला खाली आणलं स्वप्नानं. ती गोकुळ शिरगावला एचआरमध्ये आहे, असली पत्रं रोज स्वतःच काढते. तिनं पत्राची आधीची पानं बघितलीसुद्धा नाहीत, थेट शेवटचं कोष्टक उघडलं.

"वर्षाचे ७२ हजार व्हेरिएबल, म्हणजे पक्का नसलेला पगार. ते दिले तर दिले, आधी बाजूला काढ. तुझं बेसिक ३०,०००. त्यावर कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के, महिना ३,६००. नोकरी सोडताना मिळणाऱ्या ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के, १,४४३. विम्याचा हप्ता वर्षाला १०,०००. हे सगळं सीटीसीत, म्हणजे कंपनीला तुझ्यावर येणाऱ्या एकूण खर्चात धरलंय, खात्यात येणार नाही. राहिले महिना ४८ हजार शंभर. त्यातून तुझा स्वतःचा पीएफ परत ३,६०० आणि व्यवसाय कर २०० जाणार."

"आणि इन्कम टॅक्स?"

"नव्या पद्धतीत पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत काही नाही. हातात ४४ हजार तीनशे. फेब्रुवारीत शंभर कमी, कारण व्यवसाय कर त्या महिन्यात ३०० असतो."

पिंट्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "माझं बेसिक आता अठरा हाय. ह्यांनी तीस कशाला केलं? भत्ते दाखवले असते तर पीएफ कमी कापला असता की."

"नवे कामगार कायदे लागू झालेत, २१ नोव्हेंबर २०२५ पासून. भत्ते निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा. म्हणून सगळे बेसिक पन्नास टक्क्यांवर नेतायत. त्यातही काही कंपन्या पीएफ १५ हजारांच्या मर्यादेवरच कापतात, म्हणजे फक्त १,८००. ही पूर्ण बेसिकवर देतेय. रडू नकोस."

मास्तरांनी लगेच जमाखर्च मांडला. फरक अकरा हजारांचा. खोलीभाडं, मेस, महिन्यातून एकदा घरी यायची एसटी यात तो जातो, मग घर कशाला सोडायचं? बापूंना हे पटेना. ते स्वतः उद्यमनगरात लेथवर उभे राहून मोठे झालेले. "मास्तर, तुमचं सरकारी गणित. हितं पाच वर्षांनी ह्याला अडतीस मिळतील. तिथं मोठ्या लायनीवर काम केलं की पुढची कंपनी त्याच्या दारात येईल. पैसा बघून जात न्हाई माणूस, काम बघून जातो." यावर दहा-पंधरा मिनिटं नुसती जुंपली. ती इथं लिहीत नाही. दोघांचंही खरं होतं आणि दोघंही एकमेकांचं ऐकत नव्हते.

माझं मत वेगळं होतं. पगाराच्या पानावर सगळे तुटून पडले होते, आणि मला काळजी सातव्या पानाची होती. नोकरीत शिरायच्या अटी कुठल्याही पत्रात गोडच असतात. बाहेर पडायचं झालं तर काय मोजावं लागेल, ते आधी बघावं. म्हणून मी ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. दोन वर्षांच्या आत नोकरी सोडली तर प्रशिक्षणखर्चापोटी दीड लाख रुपये भरायचे. कायम झाल्यावर नोटीस ९० दिवसांची. नोटिसीचे दिवस पैसे देऊन कमी करायचे की नाही, हे कंपनी ठरवणार. सोडल्यावर एक वर्ष स्पर्धक कंपनीत जायचं नाही. रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं सादर करायची. जॉइनिंग १६ मार्च.

"स्पर्धकाचं कलम सोडून दे," वकील म्हणाला. तो जिल्हा कोर्टात प्रॅक्टिस करतो, अशा वेळी त्याला कंठ फुटतो. "१८७२ च्या करार कायद्याचं कलम २७. नोकरी सोडल्यावर कुणाच्या पोटापाण्यावर बंदी घालणारा करार तेवढ्यापुरता रद्दबातल. त्यांची गुपितं मात्र बाहेर न्यायची नाहीत, ड्रॉइंग पेनड्राइव्हवर घेऊन गेलास तर मी तुझी केस घेणार नाही."

"मग तो दीड लाखाचा बाँड पण रद्दच की!"

"तिथंच फसतात सगळे. बंदी नोकरीच्या मुदतीतली असेल तर गोष्ट वेगळी. कल्याणच्या सेंचुरी कंपनीत टायर कॉर्ड प्लांटवर एक शिफ्ट सुपरवायझर होता. पाच वर्षांचा करार, कंपनीनं ट्रेनिंग दिलेलं. पुढच्याच वर्षी गडी कोट्याच्या कंपनीत गेला, ४६० चे ५६० मिळतात म्हणून. १९६७ साली सुप्रीम कोर्टानं कंपनीच्या बाजूनं निकाल दिला."

"शंभर रुपयांसाठी दिल्लीपर्यंत?" बापू.

"तेव्हाचे शंभर होते ते. आणि अगदी ताजं बघा, मे २०२५. विजया बँकेतल्या एका अधिकाऱ्यानं तीन वर्षं पुरी व्हायच्या आत दुसरी बँक धरली. बाँड दोन लाखांचा. हायकोर्टात तो जिंकला होता. सुप्रीम कोर्टानं ते फिरवलं. म्हणालं, ह्यात त्याला नोकरी करायला बंदी नाही, फक्त लवकर गेलास तर इतके भर, एवढंच आहे."

"ती सरकारी बँक," मास्तर म्हणाले. "जाहिरात, परीक्षा, मुलाखती, भरतीचा खर्च मोठा."

"बरोबर, निकालात तो मुद्दा आहे. खासगी कंपनीला खर्चाचं काहीतरी दाखवावं लागेल. त्याच करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही वरची हद्द, कोर्ट वाजवी वाटेल तेवढीच देतं. आठ दिवस इंडक्शन आणि दीड लाखाचं बिल, असं सहज चालत नाही. पण बाँड म्हणजे कचरा, असं ह्याला कुणी सांगू नका."

बापूंनी मान झटकली. "माझ्या बघण्यातली चार-पाच पोरं बाँड मोडून गेली. एकाला नोटीस आली, तीबी त्यानं चुलीत घातली. कोर्टाबिर्टात कोण जात न्हाई वकीलसाहेब, तुमचं पोट चालावं म्हणून बोलताय."

खरं उत्तर स्वप्नाकडं होतं. "कोर्टात जायची गरजच नसते बापू. आम्ही रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र अडकवतो. पुढच्या कंपनीला ते लागतं. मग पोरगं आपोआप येऊन पैसे भरतं, नाहीतर हिशोबातून कापून घेतो. राजीनाम्यानंतर हिशोबाचे पैसे दोन कामाच्या दिवसांत द्या म्हणतो नवा कायदा. किती ठिकाणी होतं, मला विचारू नका." हे सांगताना ती जराही ओशाळली नाही, आणि म्हणूनच मला तिचं म्हणणं वकिलाच्या निकालांपेक्षा जड वाटलं. प्रमाणपत्रांबद्दल तिचं एकच वाक्य होतं: "मूळ दाखवायची, झेरॉक्स द्यायची, आणि मूळ त्याच पिशवीत परत आणायची."

मग तिनं विचारलं, "सध्याच्या ठिकाणी कधी लागलास?"

"१ ऑगस्ट २०२१."

"नोटीस?"

"साठ दिवस."

स्वप्नानं बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि आम्ही गप्प बसलो. पिंट्या उद्याच राजीनामा देऊन १५ मार्चला सुटणार होता. म्हणजे चार वर्षं आणि २२७ दिवस. ग्रॅच्युइटीला पाच वर्षं लागतात, पण पाचव्या वर्षात २४० दिवस भरले तर ते वर्ष पूर्ण धरावं, असं मद्रास हायकोर्टानं मानलेलं आहे. १८,००० बेसिकवर पंधरा भागिले सव्वीस, गुणिले पाच: साधारण ५२ हजार. तेरा दिवसांसाठी ५२ हजार सोडायचे?

"मालक देईल?" पिंट्या.

"सगळेच मालक २४० दिवस मानत नाहीत," वकील म्हणाला. "पण २२७ वर तर भांडायलाही जागा नाही. ३१ मार्चला सुटलास तर २४३ होतात. बिनपगारी रजा किती घेतल्यास?"

"एक. गेल्या दिवाळीत."

"आता घेऊ नकोस."

तिथंच पायरीवर मेल लिहायला घेतला. मास्तरांना "सविनय विनंती" हवी होती, स्वप्नानं ती खोडली. मागण्या चारच: जॉइनिंग १ एप्रिल, बाँडची रक्कम दर महिन्याला कमी होत जावी, नोटिसीचे दिवस पैसे भरून कमी करायची मुभा दोन्ही बाजूंना सारखी असावी, व्हेरिएबलचे नियम लेखी मिळावेत. पिंट्याला भीती की एवढं मागितलं तर ऑफरच काढून घेतील. स्वप्ना म्हणाली, "मला महिन्याला अशा मेल येतात. काढून घेत नाही, चिडचिड होते फक्त. तेवढी होऊ दे."

उत्तर चौथ्या दिवशी आलं. तारीख मान्य. बाँड दोन वर्षांवर महिनेवारीनं उतरणार, तेही मान्य. नोटीस सर्वांना तीच आहे, बदल नाही. आणि सोबत व्हेरिएबलची पीडीएफ. ती वाचून स्वप्ना हसायला लागली: वर्ष संपतं मार्चला, पैसे जूनमध्ये, आणि ज्या दिवशी पैसे देतील त्या दिवशी माणूस नोकरीवर हवा, नोटिसीवर नसलेला.

"म्हणजे सोडायचं तर जुलैत," बापू म्हणाले.

पिंट्यानं ऑफर स्वीकारली. राजीनामा ३० जानेवारीला द्यायचा ठरला, त्याच्या आधी सही-शिक्क्याचं नेमणूकपत्र हातात यायला हवं. वकिलानं हे त्याला तीनदा बजावलं, आणि तिसऱ्या वेळी पिंट्या चाकणजवळच्या मोशीतल्या खोल्यांची भाडी बघत होता.