सीमाभागात खायला गल्लाच कुठे होता?
‘सीडी-डीव्हीडीनं मराठी सिनेमाचा गल्ला खाल्ला’ हे मराठी सिनेमाच्या कमाईवरच्या लेखातलं म्हणणं पुण्या-मुंबईला लागू असेल. बेळगावकडं जुलै २०१७ ला जीएसटी येईपर्यंत कन्नड सिनेमाला करमणूक कर माफ आणि मराठीला मात्र भरावा लागायचा. वर शो मिळाला तर अडनिड्या वेळेचा. निपाणीकर सरळ कोल्हापूर गाठायचे. खानापूरकडच्या खेड्यांतली मंडळी बाजाराच्या दिवशी भाजीच्या पिशवीतनं व्हीसीडी (सिनेमाची सीडी) घेऊन जायची. मोझर बेअर कंपनीनं व्हीसीडी २८ रुपयांवर आणल्यावर तर काय, एका तिकिटाच्या पैशात सगळं घर, वर शेजारच्या वहिनी! (पायरेटेड त्याहून स्वस्त, ते सोडा.)

हा व्हीसीडीवाला प्रेक्षक थिएटरचा हिरावलेला नव्हताच, जास्तीचा होता. पण निर्मात्याच्या हाती काय पडलं? मल्टिप्लेक्सवाले आणि निर्माते-वितरक यांच्यातल्या २००९ च्या करारानं वितरकाला पहिल्या आठवड्यात तिकीटविक्रीतला निम्मा वाटा, चौथ्यापासून ३० टक्के; म्हणजे सिनेमा चालला तर पैसा वाढतो तरी. व्हीसीडीचे हक्क बहुधा ठोक रकमेत विकलेले, मग खप कितीही होवो. लेखात या ठोक व्यवहारावर एक ओळ तरी हवी होती राव.