प्रागमधलं ‘शून्य टक्के कमिशन’

शून्य टक्के कमिशन! प्रागच्या जुन्या शहरात मनी एक्स्चेंजच्या काचेवर ही पाटी दिसली की डोकंच सणकतं. कमिशन नाही, मग भाव कुठला देताय? तिथेच तर कापतात! दोन दिवसांसाठी आलेला माणूस हिशेब कधी करणार? नोटा सरकवण्याआधी एकच विचारा: शंभर युरोचे हातात किती कोरुना, म्हणजे इथलं चेक चलन, पडणार? आणि फसलात तर गप्प बसू नका. हजार युरोपर्यंतचा व्यवहार 3 तासांच्या आत रद्द करता येतो, कायदाच आहे तसा. पावती तेवढी फेकू नका.

एटीएमची तीच तऱ्हा. ‘खात्यातून इतके रुपये वजा होतील, मान्य?’ नाही म्हणा! कोरुनाच निवडा, भाव आपल्या बँकेला लावू दे. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हेच.

वर ट्रामचं कागदी तिकीट. घेतलं म्हणजे झालं? छे! पिवळ्या पेटीत सरकवून वेळेचा शिक्का उमटवला नाही, तर तपासनीसाच्या लेखी तुम्ही विनातिकीट. लोक जुन्या शहरातलं 1410 सालचं खगोलीय घड्याळ बघायला येतात हो, दंड भरायला नाही! तिकीट विकतानाच हे सांगायला काय जातं?