डेन्मार्कचं लोणी आणि डेअरीचे पोटनियम

डेन्मार्कच्या सहकाराचा विषय निघाला की आपल्याकडे चर्चा ग्रुंटविग या डॅनिश विचारवंताच्या प्रेरणेने निघालेल्या, खेड्यातल्या प्रौढ तरुणांसाठीच्या लोकशाळांपाशी येऊन थांबते. त्या शाळांचं श्रेय मोठंच आहे. पण तिथल्या दूध संस्था टिकल्या त्या पोटनियमांमुळे आणि दुधाचा भाव काढण्याच्या पद्धतीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

१८७०नंतर अमेरिका आणि रशियाचं स्वस्त धान्य युरोपात येऊ लागलं आणि भाव कोसळले. जर्मनी-फ्रान्सने आयातकर लावले, डेन्मार्कने लावले नाहीत. स्वस्त धान्य जनावरांना घालायचं आणि लोणी इंग्लंडला विकायचं, हा रस्ता त्यांनी धरला.

अडचण होती लहान शेतकऱ्याची. पसरट भांड्यात दूध ठेवून साय धरायला दिवस-दीड दिवस लागे. त्यासाठी थंड खोली हवी, बर्फ हवा. मोठ्या जमीनदारांकडे हे सगळं होतं, हिशेबाच्या चोख वह्यासुद्धा होत्या. चार गायीवाल्याचं लोणी मात्र दर खेपेला वेगळं निघे आणि व्यापारी ते पडेल भावाने उचले. गाडीतून हिंदकळत आलेल्या दुधावर साय नीट धरत नाही, त्यामुळे गावाचं दूध एकत्र करणंही जमेना. १८७८च्या सुमारास सलग चालणारा सेपरेटर, म्हणजे दूध वेगाने फिरवून साय वेगळी काढणारं यंत्र, आलं आणि ही अडचण सुटली. १८८२ साली पश्चिम जटलंडमधल्या येडिंगला पहिली सहकारी डेअरी उभी राहिली.

आता पोटनियम बघा. घरापुरतं ठेवून बाकीचं सगळं दूध ठरलेल्या मुदतीपर्यंत संस्थेलाच घालायचं. कर्जाची जबाबदारी सगळ्यांची मिळून. गायी कितीही असोत, मत माणशी एक. नफ्याची वाटणी घातलेल्या दुधावर. साय काढलेलं दूध सभासदाला परत, आणि ते जायचं डुकरांना. १८८७ साली जर्मनीने जिवंत डुकरांची आयात बंद केली, त्याच वर्षी हॉर्सेन्सला सहकारी कत्तलखाना निघाला आणि इंग्लंडला बेकन, म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस, जाऊ लागलं.

सुरुवातीला पैसे वजनावर मिळत. मग जे व्हायचं तेच झालं, कुणी पाणी घातलं, कुणी वरची साय काढून घेतली. १०० किलो दुधाला ३.५ टक्के फॅट, म्हणजे स्निग्धांश, असेल तर साधारण ४ किलो लोणी निघतं, ४.५ असेल तर ५च्या वर. दोघांना एकच भाव दिला तर चांगलं दूध घालणारा मूर्ख ठरतो. डॅनिश संशोधक एन. जे. फियोर्ड यांनी बरेच नमुने एकदम फिरवून साय मोजणारं यंत्र बसवलं आणि भाव फॅटवर गेला. १८९५ला वेयेनमध्ये नोंद मंडळ निघालं. कुठली गाय किती खाते, किती दूध देते, फॅट किती, हे गायवार लिहिलं जाऊ लागलं.

एक गोष्ट अंगाशीही आली. सगळ्यांचं दूध मिसळून परत जाई, त्यामुळे एका गोठ्यातला क्षय गावभर पसरे. पशुवैद्यक बर्नहार्ड बांग यांनी हा धोका लावून धरला आणि १८९८च्या कायद्याने परतीचं दूध तापवूनच देणं बंधनकारक झालं.

हिवाळ्याचा मुद्दाही महत्त्वाचा. गायी शरद ऋतूत वितील असं नियोजन करून डॅनिश शेतकरी कंदमुळं आणि पेंड घालत. इंग्लंडला बारमाही लोणी मिळू लागलं. आयर्लंडच्या गायी गवतावर अवलंबून, म्हणून हिवाळ्यात त्यांचा पुरवठा आटे. शिवाय तिथे सभासदाला कायमचं बांधून ठेवणारा एका संस्थेचा नियम १९१९ साली कोर्टात टिकला नाही.

आपल्याकडे माणशी एक मत आहे, फॅट आणि एसएनएफवर (दुधातल्या फॅटशिवायच्या घन पदार्थांवर) भावही आहे. पण दूध बांधलेलं नाही. खासगी संकलकाने दोन रुपये वाढवले की दूध तिकडे, पुष्टकाळात, म्हणजे दूध भरपूर असतं तेव्हा, त्याने भाव पाडला की पुन्हा संस्थेच्या दारात. बॉयलर, चिलिंग, पगार यांचा खर्च मात्र बारा महिने सारखाच चालू असतो. अनुदान आणि दरवाढीच्या मागण्या जरूर करा, पण दूध सलग घालण्याचा लेखी करार आणि तो पाळणाऱ्याला वर्षाअखेरीस दुधाच्या भावातला जास्तीचा फरक, हा विषय पुढच्या वार्षिक सभेच्या अजेंड्यावर घ्याच.