खाटा नको, कामाचे तास मोजा
वॉर्डात किती नर्स हव्यात यावरच्या लेखात 30 खाटांच्या वॉर्डाला ‘सहा रुग्णांमागे एक सिस्टर’ असा हिशोब दिलाय. खाटा तेवढ्याच राहतात हो, काम नाही. पावसाळा सरताना नाशकात डेंग्यूचे पेशंट वाढतात. ताप उतरल्यावरच्या नाजूक एक-दोन दिवसांत दर तासाला नाडी, बीपी, लघवीचं माप, सलाईनचा वेग. एका फेरीला 10 मिनिटं धरली तरी एका पेशंटमागे दिवसाचे 4 तास फक्त त्यातच.

म्हणून रोज सकाळी कुणाला दिवसात किती तास नर्सिंग लागेल यावरून पेशंटची वर्गवारी करा. उदाहरणार्थ हिंडते-फिरते 16 पेशंट गुणिले 2 तास, मध्यम 10 गुणिले 4, गंभीर 4 गुणिले 8. एकूण 104 तास. भागिले 8 तासांची ड्युटी, म्हणजे दिवसाला 13 जणी: सकाळी 6, दुपारी 4, रात्री 3. साप्ताहिक सुट्ट्या, रजा धरून वर्षाला 280 दिवसच हजेरी मिळते. 365 भागिले 280, साधारण 1.3. 13 गुणिले 1.3, म्हणजे पटावर 17 हव्यात. इथेच बहुतेक जण फसतात, 13 च भरतात आणि मग डबल ड्युट्या!

वर्गवारी एकदाच करून महिनाभर तीच चालवली तर उपयोग शून्य. आणि रात्रीच्या तिघींत कपात नको. पहाटे 6 ला रक्ताचे नमुने, इंजेक्शनं, पुढच्या पाळीला चार्ज देणं सगळं एकदम येतं, डोस तेव्हाच चुकतात.