पाखाडीवर शिक्का कुणाचा?

यंदा आमच्या वाडीतले गणपती पहिल्यांदा टेम्पोतून नदीवर गेले. एरवी डोक्यावर घेऊन पाखाडीने, म्हणजे जांभ्याच्या पायऱ्यांच्या जुन्या पायवाटेने, उतरतो. पण मधल्या वळणावर पाखाडीवरच चिऱ्याचं कंपाऊंड उभं राहिलंय. त्याच्या खालून जांभ्याची अर्धी पायरी बाहेर डोकावते, पावलांनी झिजून मधोमध बशीसारखी खोलगट झालेली. त्यात पाणी साचलं होतं.

मला तेव्हा अमेरिकेतली एक वाट आठवली. ग्रेट ॲलेगेनी पॅसेज, पिट्सबर्ग ते कंबरलंड, साधारण २४० किलोमीटर. हा मूळचा आगगाडीचा मार्ग. गाड्या बंद झाल्या, रूळ उचलले, आता तिथून माणसं चालतात, सायकली चालवतात. एक मोठा जुना बोगदा तर थंडीत बर्फाने खराब होऊ नये म्हणून दारं लावून बंद ठेवतात, आपण माळ्यावरची भांडी झाकून ठेवतो तसा. पहिला तुकडा १९८६ साली खुला झाला, सगळी वाट जोडून व्हायला २०१३ उजाडलं. आणि १९९५ मध्ये या वाटेसाठी झटणाऱ्या सात वेगवेगळ्या संस्थांनी मिळून एक आघाडी केली. सात! आमच्या वाडीत दोन मंडळं एका सतरंजीवर बसत नाहीत.

कुणी म्हणेल, कोकणात कुठे आलाय जुना रेल्वेमार्ग? बरोबर. कोकण रेल्वेच १९९८ साली पूर्ण सुरू झाली, तिला म्हातारी व्हायला वेळ आहे. आपण टाकून दिल्या त्या पाखाड्या.

गणपतीतल्या बैठकीत मी विषय काढला. मुंबई मंडळाचे, म्हणजे मुंबईतल्या वाडीकरांच्या मंडळाचे, अध्यक्ष म्हणाले, "पाखाडी हा ग्रामीणचा विषय." ग्रामीणवाले, म्हणजे गावातलं मंडळ, म्हणाले, "वर्गणी मुंबईत जमते, त्यांनीच बघावं." देवस्थान ट्रस्टने देवळापर्यंतच्या पायऱ्या आपल्या, पुढच्या नाहीत, असं सांगून टाकलं. मग तासभर चर्चा झाली ती नव्या कमानीवर. खरं सांगू? कमानीवर देणगीदारांची नावं कोरता येतात. पाखाडीला पाटी लावायला जागाच नाही.

अमेरिकेत १९८३ साली कायद्यात एक सोय केली. बंद पडणारा रेल्वेमार्ग तुकड्यातुकड्याने शेजारच्या जमीनमालकांकडे जाऊ न देता, पुढे कधी गाडी लागलीच तर म्हणून अखंड राखायचा आणि तोवर त्यावर लोकांनी चालायचं. एकदा तुकडे झाले की परत जोडणं कठीण, हे त्यांनी ओळखलं होतं. आपल्याकडे तर सातबाऱ्यावर पंचवीस नावं, त्यातली निम्मी वारलेली, उरलेली डोंबिवली-विरारला.

कायदा आपल्याकडेही आहे. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६, कलम ५. शेतात जायची वहिवाट कुणी अडवली तर तहसीलदाराकडे दाद मागता येते. आमची पाखाडी खालच्या मळ्यातूनच नदीवर जाते. पण दाद सहा महिन्यांच्या आत मागावी लागते. आता हिशोब करा. कंपाऊंड उठलं शिमग्याची पालखी फिरून गेल्यावर, चाकरमान्यांनी पाहिलं गणपतीत. शिमगा ते गणपती साडेपाच महिने. बांधणाऱ्याने मुहूर्त बघून बांधलं असं मी म्हणत नाही, पण मुहूर्त उत्तम लागला.

बांधणारा माझा चुलतभाऊ आहे. अर्जावर मी एकट्याने सही केली तर ते भावकीचं भांडण ठरेल, आणि तशी भांडणं आमच्याकडे तीन पिढ्या चालतात. सगळ्यांनी मिळून केली तर ती वाडीची वाट.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी बचत गटातल्या पाच जणी कुणालाही न विचारता कोयत्या घेऊन गेल्या आणि नदीकडून वर कंपाऊंडपर्यंतचं सगळं रान काढलं. काकी म्हणाली, "वाट दिसली तर कोण अडवलीय तेपण दिसेल."

अर्ज लिहून तयार आहे, बचत गटाच्या पाचही सह्या आहेत. वर शिक्का मुंबईचा आधी की ग्रामीणचा, यावर दोन्ही मंडळांचं अजून ठरायचंय. बारा दिवस उरलेत.