तिसऱ्या नंबरचा पोरगा

आज सकाळी पोह्यांची बशी हातात असताना जे ऐकलं ते अजून डोक्यातून जाईना, म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे. वेळ नसेल त्यांनी लाइक टाकून पुढे जावं.

नेहमीचेच सात-आठ जण जमलो होतो. विषय पण नेहमीचा, इथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचा डेप्थ चार्ट, म्हणजे ऑफेन्सच्या (चढाई करणाऱ्या तुकडीच्या) प्रत्येक जागेवरची क्रमवारी. पहिला कोण, दुसरा कोण, पुढच्या फळीत, म्हणजे लाइनवर, कुणाला गार्डच्या जागेवरून टॅकलच्या जागेला सरकवायचं. अमेरिकेत, ओहायोतल्या कोलंबसात इतकी वर्षं काढल्यावर हे आलंच. मग एकाने लाइनवरच्या एका राखीव पोराचं नाव घेतलं आणि म्हणाला, "नुसता भरताड आहे रे तो. तीन वर्षं झाली, अजून तिसऱ्या नंबरावर. ट्रान्सफर पोर्टलमध्ये टाका, जाऊ दे दुसऱ्या कॉलेजात, जागा तरी रिकामी होईल." सगळे हसले. मीपण हसलो, आणि तेच जास्त टोचतंय.

कारण मी स्वतः दोन वर्षं भरताड होतो. सांगलीत, कॉलेजच्या कबड्डी संघात. बारा जणांत माझा नंबर अकरावा, उजव्या कोपऱ्याचा बदली खेळाडू. सात जण मैदानात, आम्ही पाच जण कडेला गोणपाटावर. रोज संध्याकाळी दोन तास पहिल्या संघाच्या चढाईला लागणारा कोपरा म्हणजे मी. त्यांनी लाथा मारायच्या, मी घोटा धरायचा, सर त्यांच्या चुका सुधारणार. माझ्या नाही.

२०१४ विसरलात का रे? ऑगस्टमध्येच आपला पहिल्या नंबरचा क्वार्टरबॅक (चेंडू फेकून डाव चालवणारा) ब्रॅक्स्टन मिलर, त्याचा खांदा गेला. दुसऱ्या नंबरचा जे. टी. बॅरेट सीझनभर खेळला आणि मिशिगनच्या मॅचमध्ये त्याचा घोटा मोडला. मग आला तिसरा, कार्डेल जोन्स. क्वार्टरबॅक म्हणून पहिल्यांदा सुरुवातीपासून उतरला आणि विस्कॉन्सिनला ५९-०. मग अलाबामा ४२-३५, मग ओरेगॉन ४२-२०. तीन मॅच आणि राष्ट्रीय विजेतेपद! तेव्हा हाच भरताड म्हणणारा गडी सोफ्यावर उभा राहून नाचला होता, माझ्याकडे व्हिडिओ आहे.

बरं, फायनलला चेंडू घेऊन इझीकिएल एलियट २४६ यार्ड पळाला, एकट्या कार्डेलचं ते काम नव्हतं. पुढच्या वर्षी त्याची जागा परत बॅरेटकडे गेली, तेही खरं.

पण क्वार्टरबॅकच्या गोष्टी सगळ्यांनाच पाठ असतात. लाइनचं कुणी बोलत नाही. २०२४ घ्या. ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनविरुद्ध लेफ्ट टॅकल जॉश सिमन्सचा गुडघा गेला. नोव्हेंबरमध्ये सेंटर सेथ मॅकलॉफलिनची टाचेची शीर तुटली. गार्ड डोनोव्हन जॅक्सनला टॅकलला नेलं आणि सेंटरला आणला कार्सन हिंझमन. हो, तोच. आदल्या सीझनच्या शेवटी मिझुरीविरुद्धच्या 'बोल' मॅचला (सीझननंतरच्या खास मॅचला) ज्याला बाहेर बसवलं होतं, तो. आपल्याच ग्रुपवर तेव्हा त्याच्याबद्दल काय काय लिहिलं होतं, वर स्क्रोल करून बघा.

आणि ही 'सरकवासरकवी' म्हणजे खुर्च्या हलवणं नाही, महाराजा! गार्डच्या दोन्ही बाजूंना आपली माणसं असतात. टॅकलच्या बाहेरच्या अंगाला मोकळं मैदान, आणि समोर त्यांचा सगळ्यात चपळ गडी. सेंटरने चेंडू पायांमधून मागे द्यायचा आणि त्याच क्षणी समोरचं धूड अडवायचं.

मला हे कळतं कारण माझं तेच झालं. आंतरमहाविद्यालयीन उपांत्य सामना, मिरजेच्या पलीकडचं एक गाव. आमच्या डाव्या कोपऱ्याचं बोट निखळलं आणि सरांनी मला डावीकडे उभं केलं. उजव्या कोपऱ्यात साखळी डाव्या हाताने धरायची, दोन वर्षं तीच सवय. पहिली चढाई आली, मी डावा हात पुढे केला, तिथे कुणीच नाही. हात हवेत. गडी मला शिवून निघूनपण गेला. कडेला गोणपाटावर चौघं मान खाली घालून बसलेले.

त्याच २०२४ ला मिशिगनकडून घरच्या मैदानावर १३-१० हरलो तेव्हा याच लाइनला आपण सगळ्यांनी शिव्या दिल्या. मीपण, मराठीतून. आणि पुढे? टेनेसी, ओरेगॉन, टेक्सस सगळ्यांना हरवलं, आणि २० जानेवारी २०२५ ला फायनलमध्ये नोत्र दामला ३४-२३. जडकिन्स आणि हेंडरसन, दोघांनी मिळून रनिंग बॅकची (चेंडू घेऊन पळणाऱ्याची) जागा वाटून घेतली आणि दोघंही सीझनला हजार यार्डांच्या वर गेले. कुणाच्या मागून पळाले ते? त्याच सरकवलेल्या पोरांच्या मागून.

आता कुणीतरी लिहीलच की जडकिन्स पोर्टलमधूनच आला, विल हॉवर्डपण, मॅकलॉफलिनपण. मान्य. पोराला दुसरीकडे खेळायला मिळत असेल तर त्याने खुशाल जावं. पण त्याने जाणं वेगळं आणि आपण पोहे खात त्याला हाकलणं वेगळं. आधीच संघाला १०५ खेळाडूंची मर्यादा आली, स्कॉलरशिप नसलेली वॉक-ऑन पोरं त्यात किती कापली गेली. उरलेल्यांना तरी सोडा. वीस वर्षांची आहेत हो. आपल्यातल्या काहींची याहून मोठी आहेत आणि अजून आईकडून कपडे धुऊन घेतात.

जो म्हणाला तो वाचतोय हे मला माहीत आहे. रागावू नकोस. माझी गाडी बर्फात अडकली तेव्हा रात्री दीडला फावडं घेऊन तूच आला होतास. शनिवारी मॅच माझ्याकडे, मिसळ आहे, ये.

आम्ही तो कबड्डीचा सामना तीन गुणांनी हरलो. शेवटी एक घोटा धरला मी, पण उशिरा. परतीच्या एसटीत सर उठून माझ्या शेजारी येऊन बसले. म्हणाले, "हात चुकीच्या बाजूला गेला तुझा." मग मिरज येईपर्यंत समोरच्या सीटची दांडी धरून मला डाव्या कोपऱ्याची साखळी शिकवत होते.